टिटवीची ओटी

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यातलं निम्मं वर्ष गुरांमागं गेलं. तेव्हा पुस्तकात लिहितात तसं मला जमायचं नाही. जे झालं तेवढं लिहितो.

बायको गेली त्याला हा दुसरा उन्हाळा. लोक म्हणतात, हळूहळू सवय होते. काही होत नाही. उलट ती होती तेव्हा जे कधी विचारावंसं वाटलं नाही, ते आता विचारावंसं वाटतं. सांडग्याच्या पिठात ती कोहळ्याबरोबर आणखी काय किसून टाकायची? शेजारची म्हैस आटणार हे हिला आधीच कसं कळायचं? उभा जन्म एका चुलीवरचं खाल्लं आणि विचारलं नाही. माणूस समोर असलं की वाटतं, विचारू की कधीतरी, कुठं पळून चाललंय.

असलाच एक प्रश्न टिटवीचा आहे.

आमची वस्ती म्हसवडपासून आत, माणच्या माळावर. तीन घरं, एक विहीर, बाकी खडक आणि बाभळी. साल मला नक्की सांगता यायचं नाही. म्हसवडात तेव्हा पिवळ्या पाटीचे टेलिफोनचे बूथ नवे नवे झाले होते. आमच्या वस्तीवर वीज आली होती, पण ती पाहुण्यासारखी, मनात येईल तेव्हा यायची. त्या उन्हाळ्यात आमची लेक बाळंतपणाला आली होती.

लेक इस्लामपूरच्या अंगाला दिलेली. उसाचा मुलूख. तिकडं उन्हाळ्यात पाटाला पाणी, आमच्याकडं उन्हाळ्यात रडायलासुद्धा नाही. जावई मिल्ट्रीत, तेव्हा कुठं काश्मीरच्या बाजूला होता. लेकीचं पहिलं मूल सासरीच सातव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर बरेच दिवस ती बोलायचीच नाही. विचारलं तेवढंच उत्तर, आणि तेसुद्धा दुसरीकडं बघून. मग पुन्हा दिवस राहिले. तिची सासू म्हणाली, हिला इथंच राहू द्या, दवाखाना जवळ आहे, तुमच्या माळावर काय आहे? तर आमची ही सरळ तोंडावर म्हणाली, "पयल्या येळंला दवाखाना लांब हुता का?"

असं बोलायचं नसतं. पण बोलली. वर ही लेकीला घेऊन एस.टी.त बसली. मी शेजारच्या बाकावर होतो. विट्याच्या पुढं गाडी आली तेव्हा हिनं माझ्याकडं बघितलं.

"आवं, मी बोलले खरी. आता काय उणंदुणं झालं तर समदं माज्या डोस्क्यावर."

"मग बोललीस कशाला?"

"न्हाई बोलले तर पोर कशी आणली असती?"

तिच्या बोलण्यावर मला बहुतेक वेळा काही सुचायचं नाही.

तर आता टिटवी. पावसाळ्यात गोठ्यात गुडघाभर चिखल व्हायचा, म्हणून मी मुरमाची ट्रॉली आणून घरापुढं ओतून ठेवली होती. गोठ्यात पसरायची होती, पण लेक आली, त्या गडबडीत राहून गेलं. एका सकाळी फावडं आणि घमेलं घेऊन गेलो तर ढिगावरनं टिटवी उठली आणि माझ्या टाळक्यावर आली. टिटिव टिव टिव करत अशी अंगावर आली की मी घमेलं डोक्यावर उलटं घेतलं. खाली बघितलं, काहीच नाही. पुन्हा बघितलं, काहीच नाही. पाय टाकणार तेवढ्यात पायापाशी खड्यांतला एक खडा जरा जास्तच गोल वाटला. चार अंडी होती. मुरमाच्याच रंगाची, वर काळे शिंतोडे, निमुळती टोकं आत करून एकमेकांना चिकटलेली. ना काडी, ना पान, ना घरटं. उघड्या दगडावर.

मी हिला हाक मारली. ही पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं, आणि माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं.

"आता ह्याला हात लावायचा न्हाई."

"अगं, गोठा?"

"गोठा कुटं पळून चाललाय?"

झालं. मुरूम तिथंच राहिला.

चार दिवसांत सगळ्या वस्तीला कळलं. पलीकडच्या घरातला माझा भाऊबंद आला. हा माझ्यापेक्षा वयानं थोडा बारका, पण अक्कल शिकवायला मोठा. टिटवी उंचावर अंडी घालते त्या वर्षी पाऊस दणकून होतो, सखलात घालते त्या वर्षी दुष्काळ, हे आमच्याकडं पोराटोरांना माहीत असतं. त्यानं ढिगाभोवती एक फेरी मारली.

"उंचावर हाय गड्या. औंदा ज्वारी न्हाई, भात लाव."

मी म्हटलं, "अरं, ढीग मी आणून टाकलाय. जमीन हाय तिथंच हाय. ह्याला उंच कसं म्हणायचं?"

"तुजा ढीग हाय हे टिटवीला काय ठावं? तिला दिसलं उंच, ती बसली."

"मग मी दोन ट्राल्या टाकल्या असत्या तर पूर आला असता का?"

यावर आम्ही दोघांनी खरंच बराच वेळ डोकं चालवलं. उत्तर निघालं नाही. अजून निघालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंड्यांपासून हातभर अंतरावर मला एक खुरपं दिसलं. आमचं नव्हतं. लोक म्हणतात की टिटवीपाशी परीस असतो, त्यावर ती अंडी फोडते. लोखंड जवळ ठेवलं तर सोनं होतं. मी खुरपं उचलून भाऊबंदाच्या दारात नेऊन टाकलं.

"झालं का सोनं?" त्यानं विचारलं.

"मूठ तेवढी राहिलीया लाकडाची."

त्यानं खुरपं उचलून उलटंसुलटं करून बघितलं. बायको त्याची दारात हसत उभी होती, पण हा गडी हसला नाही. ऊन असलं कडक, की दगडावर टाकलेलं पाणी बघता बघता वाळायचं. अशा उन्हात त्या टिटवीची अंडी उकडत कशी नाहीत, याचं मला जास्त नवल होतं. परिसाचं मला काही वाटलं नाही.

म्हणून मी बघायला लागलो. दुपारी काम नसतं. लिंबाखाली घोंगडं टाकून पडायचो आणि तिच्याकडं बघत राहायचो. माझं आयुष्य माळावर गेलं, टिटव्या हजार बघितल्या असतील, पण बसून बघितली ती पहिलीच. डोळ्याजवळ लाल मांसाचा ठिपका, पिवळ्या काड्यांसारखे पाय, गळा काळा कुळकुळीत. बसली की मुरूमच होऊन जायची. आपण पापणी मिटली तर पुन्हा शोधावी लागायची. दोघं होती. नर कोणता, मादी कोणती, मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. एक उठला की दुसरा बसायचा. सूर्य वर आला की बसलेला अंग थोडं उचलून उभा राहायचा, अंड्यांवर सावली धरून.

आणि मग एक दिवस मी ते बघितलं. गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती आमची, तिच्याखाली सांडून सांडून चिखल झालेला असायचा. टिटवी त्या चिखलात बसली. पाणी पीत नव्हती. पोट घासत होती. पोट, छाती चांगली निथळेपर्यंत भिजवली, तशीच तुरुतुरु पळत आली आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं दुसरा गेला. तोही तसाच.

मी घरात धावत गेलो आणि हिला सांगितलं. वाटलं, चाट पडेल. ती सुपात शेवया चाळत होती. मान वर केली नाही.

"मग? उनाचं पोरगं घेऊन निगालं तर आपुन पदर वला करून डोस्क्यावर टाकतोच की त्याच्या."

"आपल्याला अक्कल हाय. पाखराला कुणी शिकवलं?"

"आपल्याला कुणी शिकवलं?"

पण तिच्या मनात बसलं असणार, कारण दुपारच्याला तिनं घमेल्यात पाणी घालून ढिगाच्या पायथ्याशी ठेवलं. पाखराला लांब पळायला नको म्हणून. टिटवीनं त्या घमेल्याकडं ढुंकून बघितलं नाही. घमेल्याला वळसा घालून डोणीपर्यंत पळत जायची. दोन दिवसांनी हिनं चिडून ते पाणी मिरचीच्या रोपांना ओतलं. "लय ताठा हाय," म्हणाली, "सासरी कशी नांदत असंल कुणास ठावं."

इथपर्यंत गंमतच होती. मग माझी चुलती बोलली.

चुलती मधल्या घरात एकटी राहायची. म्हातारी, डोळ्यांनी अधू, कानानं मात्र तिखट. टिटवी घरावरनं ओरडत जाणं आमच्यात चांगलं धरत नाहीत, हे मला माहीत होतं; पण ती रोजच ओरडायची, कुत्रं आलं की ओरडायची, मी खोकलो की ओरडायची, त्यामुळं मी ते मोजण्यात धरलं नव्हतं. चुलती एक दिवस आमच्या दारात येऊन बसली आणि लेक आत झोपलेली असताना म्हणाली, "घरात पोटुशी पोर. पयलं गेलेलं. आन् तुमी टिटवी पाळताय व्हय गं? ती घरावरनं वरडत गेली की घरात कुणाचं बरं हुत न्हाई. अंडी उचलून लांब टाका. जाईल निगून."

बायकोचा चेहरा उतरला. ती कुणाला घाबरायची नाही, पण या गोष्टीला घाबरली. मी म्हटलं, टाकतो उचलून. तर माझ्यावरच उसळली.

"आवं, पोटुशी पोर घरात असताना दुसऱ्याचं घर मोडायचं? त्याचं काय लागंल ते?"

म्हणजे ठेवलं तरी भीती, काढलं तरी भीती. तो दिवसभर ती आत-बाहेर करत राहिली. भाकरी करपल्या. टिटवी ओरडली की हातातलं काम थांबायचं आणि ती लेकीकडं बघायची. लेक आपली गोधडी शिवत बसलेली. मला काही ते सगळं पटत नव्हतं, पण विट्याच्या पुढं एस.टी.त ती काय बोलली होती ते मला आठवत होतं. काही झालं असतं तर विहिणीनं एकदा बोलून सोडून दिलं असतं. हिनं स्वतःला सोडलं नसतं.

मंगळवारी सकाळी ही न्हाली, डोकीवर पदर घेतला आणि ताट भरलं. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, आणि आहेरात आलेला एक हिरवा खण. मला वाटलं देवळात चालली. ती गेली मुरमाच्या ढिगाकडं. टिटवी उठली आणि नेहमीसारखी डोक्यावर आली.

"गप गं! ओटी भरतीया तुजी. माहेरला आल्यावानी गप बस की जरा."

तिनं अंड्यांच्या भोवती हळदीकुंकू वाहिलं. खण ठेवला, वर तांदळाच्या ओंजळी घातल्या, खोबरं ठेवलं. टिटवी वरनं बोंबलत होती, ही खालनं तिला समजावत होती. चुलती दारातनं कपाळावर हात धरून बघत होती.

"काय करतीस गं?"

"ओटी भरली काकी. आता ही ह्या घरची माहेरवाशीण झाली. माहेरवाशीण वरडली म्हणून कुणी अशुभ म्हंतंय व्हय? माज्या नणदा काय कमी वरडायच्या का?"

चुलती पदर सावरत आत गेली. नणदा म्हणजे माझ्याच बहिणी. खरं सांगायचं तर मला हा तोडगा फार आवडला. अशुभ पाखराला एका ओटीत घरची लेक करून टाकली. असं कुठं असतं का, कुणाकडनं ऐकलं होतं का, की स्वतःच्या मनानं केलं? तेव्हा विचारलं नाही. त्या दिवशी भाकरी करपल्या नाहीत, एवढं मात्र खरं.

पण टिटवीला राखत होतं ते हे, की ती दिसत नव्हती. ना काडी, ना पान. आणि आम्ही तिच्या दारात तांबड्या मुरमावर पांढरे तांदूळ ओतले, कुंकू सांडलं, हिरवा खण अंथरला. देवळाच्या कळसासारखं लांबून दिसायला लागलं. टिटवीनं खण दोन वेळा चोचीनं ओढून बाजूला करायचा प्रयत्न केला होता. तेव्हाच आम्हाला कळायला पाहिजे होतं. आम्हाला वाटलं, नेसून बघतीया.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळे आले. आधी तांदळाला आले, मग खोबऱ्याला. दोन्ही टिटव्या तुटून पडल्या, पण एकाला हाकलावं तर दुसरा उतरायचा. मी विहिरीवर होतो. हिची हाक ऐकून पळत आलो तोवर एक कावळा अंडं चोचीत धरून बाभळीवर बसला होता.

मी दगड मारला, काय उपयोग. ही ढिगावर गुडघे टेकून बसली होती आणि तांदळाचा एकेक दाणा वेचत होती. मुरमाच्या फटीफटींतनं. टिटवी तिच्या पाठीत टोच्या मारत होती, पदर निसटला होता, तिचं लक्ष नव्हतं. मीही खाली बसलो आणि वेचायला लागलो. भाजलेल्या मुरमातनं तांदूळ वेचायचे म्हणजे काय असतं ते वेचल्याशिवाय कळायचं नाही. कुंकू लागलेले खडे आम्ही उचलून ओच्यात टाकले.

"मी केलं. माज्या हातानं केलं," ती म्हणत होती.

"कावळ्यानं केलं."

"कावळ्याला आवतान कुणी दिलं?"

वेचून झाल्यावर ती उठली आणि मला बजावलं, "पोरीला कळता कामा नये. काय म्हनून कळता कामा नये."

भाऊबंद संध्याकाळी येऊन अंडी बघून गेला. "तीन राहिली. एक म्हैना पावसाचा गेला बघा," म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू आता घरी जा.

त्यानंतर मी राखण धरली. गोफण काढली, खिसे खड्यांनी भरले आणि लिंबाखाली बसलो. ज्वारीची राखण मी जन्मभर केली, पाखरं हाकलली. पाखराची राखण करायची पहिलीच वेळ. येणारेजाणारे हसायचे. कुणी म्हणालं, "कणसं कवा लागायची रं?" मी म्हणायचो, "लागली की तुला हुरड्याला बोलवतो." टिटवीला मात्र मी तिच्या बाजूचा आहे हे कधीच पटलं नाही. कावळ्याला दगड मारायला उठलो की कावळ्याच्या आधी माझ्यावर यायची.

बायकोनं खाणं कमी केलं. रात्रीची भाकरी नको म्हणायची, पोट बिघडलंय म्हणायची. लेकीसमोर हसायची, इतकी हसायची की वेडं माणूससुद्धा म्हणालं असतं, काहीतरी बिनसलंय.

एका दुपारी लेक भिंतीला धरत धरत माझ्याजवळ आली. नववा भरत आलेला. मी घोंगडं सरकवलं, ती हळूच बसली आणि टिटवीकडं बघायला लागली.

"दादा, कावळ्यासाठी बसलाय न्हवं?"

मी म्हटलं, "न्हाई, सावलीला बसलोय."

"मी बगितलं हुतं. त्या दिवशी मी दारातच हुते. आई तांदूळ येचत हुती ते बी बगितलं."

ती म्हणाली, "आईला सांगू नगा मला ठावं हाय म्हणून. तिला लागंल."

टिटवी डोणीकडनं ओल्या पोटानं पळत आली, दुसरी उठली, ही बसली. पिसं जरा हलवून तिन्ही अंडी पोटाखाली घेतली.

"एक गेलं तरी बसलीच की," लेक म्हणाली. "मला वाटलं उडून जाईल. त्याच दिवशी, तुमी खाली उतरला आन् ती लगीच येऊन बसली. मी बगत हुते."

एवढंच बोलली. पण पहिलं गेल्यापासून त्या गोष्टीच्या इतक्या जवळचं ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. आणि हे बोलताना तिनं दुसरीकडं बघितलं नाही. मी गोफण बाजूला ठेवली आणि तिला म्हटलं, ऊन लागंल, घरात जा. आमच्यात बाप लेकीशी यापेक्षा जास्त बोलत नाहीत. बोलायला पाहिजे होतं की नाही, ते मला माहीत नाही.

वळवाचा दिवस होता तो. दुपार कलली आणि ढग शिखर शिंगणापूरच्या बाजूनं काळे होऊन आले. धूळ उठली. त्याच वेळेला लेकीला कळा सुरू झाल्या. भाऊबंद लुना घेऊन रस्त्याला गेला आणि माणसं भरून नेणारी वडापाची जीप आणली. चुलती म्हणाली, मी येते. तिला दिसत नव्हतं, पण जीपमध्ये पुढं बसली. बायको लेकीला धरून आत चढली. मी चढायला लागलो तर तिनं हात आडवा घातला.

"तुमी हितंच ऱ्हावा. जनावरं सुटतील. आन् तिकडं बी बगा."

तिकडं म्हणजे कुठं, ते तिनं लेकीसमोर सांगितलं नाही. लेक मान खाली घालून बसली होती, पण मी बघितलं, कळा येत असतानासुद्धा तिच्या ओठाला जरासं हसू आलं.

जीप गेली आणि गारा आल्या. सुपारीएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. मी दारात उभा होतो. ढिगावर टिटवी बसली होती. पंख थोडे पसरलेले, मान आत ओढलेली. गार पाठीवर पडली की ती दबायची आणि पुन्हा तशीच व्हायची. वाटलं, पाटी घेऊन जावी आणि तिच्यावर उपडी घालावी. दोन पावलं पुढं गेलो आणि थांबलो. मी गेलो असतो तर ती माझ्यावर आली असती आणि अंडी उघडी पडली असती. ती आम्हाला शत्रूच मानत होती. तिच्यासाठी करण्यासारखं एकच होतं, की काही करू नये. मला तेव्हा म्हसवडच्या दवाखान्याच्या दारात उभं राहायला मिळालं असतं, तरी तिथंही मी हेच केलं असतं. उभा राहिलो असतो.

ओरडली नाही ती. एरवी मी खोकलो तरी ओरडणारी, त्या गारांत एकदाही ओरडली नाही. ते मला कसंतरीच वाटलं.

सकाळी भाऊबंद लुना दामटत आला. लांबूनच ओरडला, "मुलगी! दोगी बऱ्या हाईत!" डोणीवर जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. मग ढिगाकडं गेलो.

ढीग रिकामा होता. नुसता वाटीएवढा खोलगट भाग आणि त्यात बारीक खडे. कवच नाही, पिलू नाही, पीस नाही. मुंगूस म्हणावं तर रक्ताचा ठिपका नाही. पिलं निघाली म्हणावं तर कवच कुठं आहेत? मी ढिगाभोवती फिरलो, टिटवीचं पिलू निघाल्या दिवशीच पळतं म्हणून गारांनी ओल्या झालेल्या रानात थोडं गेलो. काही दिसलं नाही. आभाळातही कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी बायको आली. लेक आणि बाळ अजून दवाखान्यात होते, ही कपडे आणि शेगडी न्यायला आली होती. वडापातनं उतरली, माझ्याकडं आली. नात कशी आहे ते सांगेल म्हणून मी उभा होतो.

"तिकडचं काय झालं?"

"ठावं न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"सकाळी बगितलं तर रिकामं. कवच बी न्हाई. म्या काय बगितलं न्हाई तर काय सांगू?"

मला खोटं सांगता आलं असतं. पण तिला ते लगेच कळलं असतं. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि ढिगापाशी गेली. थोडा वेळ उभी राहिली. मग तशीच पुढं निघाली, ढीग ओलांडून, नांगरलेल्या रानात, ढेकळांतनं. बांधाच्या अलीकडं पोचली असेल, तेवढ्यात कुठून तरी टिटवी उठली आणि टिटिव टिव टिव करत तिच्या डोक्यावर आली. पाठोपाठ दुसरी. असल्या बोंबलत होत्या, असल्या, की मधल्या घरातनं चुलती बाहेर आली.

ही दोन्ही हातांनी डोकं धरून रानात उभी होती आणि हसत होती. लेक आल्यापासून ती तशी हसली नव्हती.

"हाईत! आवं हाईत! नसती तर इतकी बोंबलली असती का माज्या नावानं?"

चुलती म्हणाली, "अगं बया, अजून वरडतीया का ती भवानी?"

"वरडू द्या काकी. बाळंतीण हाय ती."

मग ती खाली वाकली आणि ढेकळांत बघत बघत पुढं गेली. पाय असे टाकत होती, जसं कुणी झोपलेल्या पोरांमधनं चालावं. एका जागी थांबली. उकिडवी बसली. टिटव्या तिच्या डोक्यावरनं गरागरा फिरत होत्या. मला बांधावरनं नुसती तिची पाठ दिसत होती. मी जवळ जायला लागलो तर तिनं मागं न बघता हातानंच थांबवलं.

परत आली तेव्हा पदराला ढेकळाची माती होती.

"पिलं दिसली?"

"दिसली."

"किती?"

तिनं पिशवी उचलली, शेगडी घ्यायला घरात निघाली आणि जाता जाता म्हणाली, "लेकरं मोजायची नसत्यात."

तीन होती की दोन, की एकच, ते मला आजतागायत माहीत नाही. नात आता लग्नाची झाली. मी पुढं कितीदा तरी विचारीन म्हणालो, आणि प्रत्येक वेळी वाटलं, विचारू की कधीतरी.